तीन अडॉल्फ आणि एक दाखला

चित्रांची पुस्तके पोरांसाठी असतात, असा आमचा साठी उलटेपर्यंत समज होता. मुंबईत शाळेत असताना 'चांदोबा' वाचला तेवढाच. गेल्या हिवाळ्यात नातवाने येथील वेस्ट विंडसरच्या वाचनालयातून दोन जाडजूड खंड आणले आणि "आजी, यात आपले लोक आहेत," म्हणून आमच्या पुढ्यात ठेवले. ते वाचून आम्ही दोन रात्री नीट झोपलो नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

लेखक व चित्रकार ओसामू तेझुका (१९२८–१९८९). जपानी चित्रकथेचे, म्हणजे 'मांगा'चे, ते अध्वर्यू, शिक्षणाने डॉक्टर. ही कथा १९८३ ते १९८५ या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः आली. इंग्रजीत ती २०१२ साली 'मेसेज टू अडॉल्फ' या नावाने दोन खंडांत निघाली.

कोबे शहरात दोन बालमित्र आहेत, दोघेही अडॉल्फ. कामिल हा ज्यू बेकरीवाल्याचा मुलगा. काउफमानचा बाप जर्मन नाझी, आई जपानी. तिसरा अडॉल्फ हिटलर. त्याच्या अंगात ज्यू रक्त असल्याचे सांगणाऱ्या कागदांमागे सारे धावतात. काउफमानला जर्मनीतील नाझी शाळेत धाडतात, आणि तेथे त्याच्याच हातून कामिलच्या बापाला गोळी घालवून घेतात. त्या पानावर शब्द थोडे आहेत. पोराचा चेहराच सारे सांगतो. कोबेवर बॉम्ब पडतात ती पानेही तशीच. तेझुकांनी कोवळ्या वयात हवाई हल्ले स्वतः भोगले होते, ते रेषेत उतरले आहे.

दोष नाहीत असे नाही. हिटलरच्या ज्यू रक्ताची गोष्ट इतिहासकार मानत नाहीत. कोवळ्या वाचकाला ती खरी वाटेल. योगायोगही फार. स्त्रियांच्या वाट्याला बहुधा दुःख सोसणेच येते.

तरी त्या कागदांनी आम्हांला वेगळ्याच जागी गाठले. वाचकहो, रक्ताचा दाखला आपल्याकडेही मागितला गेला होता. १९६२ साली इस्राएलातील मुख्य रब्बींच्या आदेशाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आई-आजीच्या कुळाची चौकशी सुरू झाली. आपली माणसे रस्त्यावर आली, तेव्हा कोठे १९६४ साली आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचे क्नेसेटने जाहीर केले. त्या वेळी आम्ही लहान होतो, पण घरातल्या मोठ्यांचे पडलेले चेहरे आठवतात. नाझींच्या दुष्टपणाशी याची तुलना करणे पाप होईल. आम्ही ती करीत नाही. पण माणसाची किंमत कागदावरच्या रक्तावरून ठरवायची, या खोडीची चव आपण चाखली आहे. उभा जन्म आम्ही वॉर्डात रक्ताच्या बाटल्या लावल्या. त्यांवर गट लिहिलेला असे, कुळ नव्हे.

शेवट सर्वांत अवघड. युद्धानंतर कामिल इस्राएली सैनिक होतो, काउफमान पॅलेस्टिनी बंडखोरांत सामील होतो. काउफमानची बायको-मुलगी इस्राएली हल्ल्यात मरतात, आणि दोघे मित्र एकमेकांवर बंदूक रोखतात. येथे आम्ही रागाने पुस्तक मिटले. आमची भाचरे त्या सैन्यात आहेत. परक्या माणसाने आम्हांला न्याय शिकवावा? नातू म्हणाला, "आजी, पुढे वाच." पुढे कळले, तेझुका कोणालाच सोडत नाहीत. जो तो आपल्या न्यायासाठी मारतो, आणि पोरके होते दोन्हींकडचे मूल. काही ठिकाणी त्यांनी तराजू फार सरळ धरला, हे आमचे मत कायम आहे. पण राग आला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

ज्यांच्या घरी मोठी नातवंडे आहेत, त्यांनी हे पुस्तक त्यांच्याबरोबर बसून वाचावे. एकट्याने वाचण्याचे ते नव्हे.