ग्रॅहम यांचे सात आकडे

थॉमस ग्रॅहम यांच्या १८६६च्या निबंधातलं एक छोटं कोष्टक मला बांधेसूद बंदिशीसारखं वाटतं. रबराच्या पातळ पापुद्र्यातून कोणता वायू किती वेगाने पार होतो, एवढंच त्यात आहे. नायट्रोजन १ धरला तर कार्बन मोनॉक्साइड १.११३, हवा १.१४९, मिथेन २.१४८, ऑक्सिजन २.५५६, हायड्रोजन ५.५. आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, १३.५८५.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. सच्छिद्र पडद्यातून हलका वायू आधी जातो, हा नियम खुद्द ग्रॅहम यांचाच. इथे मात्र हायड्रोजनच्या बावीसपट जड रेणू त्याला जवळजवळ अडीचपट वेगाने मागे टाकतो! म्हणजे रबर ही चाळण नव्हे. वायू त्यात आधी विरघळतो, सरकत पलीकडे पोचतो आणि तिथे पुन्हा मोकळा होतो. जो सहज द्रवरूप होतो, त्याला रबर आधी आत घेतं. रबर म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ग्रॅहम यांनी विरघळण्याचं मर्म ओळखलं. पापुद्रा जाड केला तर वायू कमी येतो, पण मिश्रण बदलत नाही, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

कोष्टक खरं आहे का, ते आपणही ताडून पाहू शकतो. हवेत ऑक्सिजन २१ भाग, नायट्रोजन ७९. एकवीसला २.५५६ने गुणलं की ५३.७, नायट्रोजन मात्र ७९च; म्हणजे पलीकडच्या हवेत ऑक्सिजन सुमारे साडेचाळीस टक्के यायला हवा. रबर चढवलेल्या रेशमी पिशवीतून पाऱ्याच्या पंपाने ओढलेल्या हवेत ग्रॅहम यांना ४१.६ टक्क्यांपर्यंत मिळाला. विझत आलेली काडी त्या हवेत पुन्हा पेटली.

शिर्डीच्या अवतीभवती, राहाता-कोपरगावच्या पट्ट्यात, ऊस, साखर कारखाने आणि गोठे. तिथे हेच कोष्टक वेगळ्या अर्थाने वाचता येतं. गोबरगॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो काढल्याशिवाय गॅस गाडीत भरण्याजोगा होत नाही. रबरात या दोघांच्या वेगाचं प्रमाण सव्वासहापट. ऐकायला भरपूर, पण हिशेब केला तर पडद्यापार जाणाऱ्या वायूत सुरुवातीलाच जवळजवळ पाचवा भाग मिथेन निघतो. इतकं इंधन घालवणं परवडत नाही, म्हणून या कामाला पॉलिइमाइडसारखे ताठ, काचेसारखे पॉलिमर घेतात. ते वायूला सावकाश सोडतात, पण निवड काटेकोर करतात.

मला मात्र रबराचं औदार्यच अधिक मोहवतं, आणि त्यालाही स्वतःचं काम आहे. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत. अशा ठिकाणी टँकर भरताना बाहेर पडणाऱ्या हवेत पेट्रोलची वाफ असते. ती परत मिळवायला सिलिकॉन रबराचे पडदे वापरता येतात. तिथे पेट्रोलचे मोठे, जड रेणू रबरात झटकन मुरून पार होतात आणि हवा बरीचशी अलीकडेच राहते.