सर्व्हरची सुरक्षितता : तुलनेच्या निकषांची चिकित्सा

संकेतस्थळे व आर्थिक व्यवहार ज्या सर्व्हरांवर चालतात, त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम विंडोज असावी की लिनक्स, हा वाद जुना आहे. दोन्ही पक्ष आकड्यांचा आधार घेतात. परंतु ते आकडे नेमके काय मोजतात, याची चिकित्सा क्वचितच होते.

या दृष्टीने फॉरेस्टर या अमेरिकन संस्थेचा २००४ चा अहवाल उद्बोधक आहे. दोष जाहीर झाल्यापासून त्यावरील दुरुस्ती उपलब्ध होईपर्यंत लोटणारे दिवस, हा त्याचा निकष. विंडोजला सरासरी २५ दिवस, तर लिनक्सच्या रेड हॅट व डेबियन या वितरणांना ५७ दिवस लागतात, असे त्यात दाखविले होते. क्षुल्लक व घातक दोष एकाच तराजूत तोलले गेले, असा आक्षेप लिनक्सच्या वितरकांनी संयुक्त निवेदनाद्वारे घेतला. आक्षेप रास्त होता. तथापि अहवालाची खरी मर्यादा निराळी आहे. निर्मात्याने दुरुस्ती प्रसिद्ध केली की त्याची मोजणी थांबते. सर्व्हर चालविणाऱ्याने ती बसविली किंवा कसे, हा प्रश्न कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ने मायक्रोसॉफ्टचे साडेतीन लाखांहून अधिक वेब सर्व्हर चौदा तासांत ग्रासले, त्यापूर्वी महिनाभर त्यावरील दुरुस्ती उपलब्ध होती.

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्याने या निकषांची अपूर्णता अधिक स्पष्ट होते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी एटीएम व्यवहारांना संमती देणाऱ्या स्विचच्या जागी बनावट स्विच उभा करण्यात आला. खात्यातील शिल्लक तपासणारी मुख्य प्रणाली बाजूला राहिली, आणि २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळते झाले. एकूण हानी ९४ कोटींवर गेली. येथे निर्णायक ठरला तो एका दुव्यावर टाकलेला विश्वास. सिस्टिमचे नाव नव्हे.

याच जातीच्या ‘फास्टकॅश’ हल्ल्यांचा इतिहास हेच सांगतो. आफ्रिका व आशियातील बँकांवर २०१६ पासून झालेल्या या हल्ल्यांत सापडलेले सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर चालत होते, आणि त्या आवृत्त्यांना निर्मात्याचा आधार उरलेला नव्हता, असे सिमँटेक कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये नोंदविले. पुढे त्याच हत्याराचा विंडोजवरील अवतार उघडकीस आला. २०२४ मध्ये लिनक्सवरीलही. तीन सिस्टिम, परंतु हल्ल्याची रीत एकच.

याचा अर्थ सिस्टिमांची तुलना व्यर्थ आहे, असा नव्हे. अनावश्यक सेवा मुळातच बंद ठेवणारी रचना, आणि प्रत्येक प्रक्रियेला मोजकेच अधिकार देणारी व्यवस्था, ही सिस्टिमची खरी गुणवैशिष्ट्ये होत. परंतु दुरुस्ती बसविण्यास लागलेला काळ, आवृत्तीला उरलेला आधार, व एका दुव्याची संमती दुसऱ्याने पडताळण्याची सोय यांची नोंद ज्या तुलनेत नाही, ती निर्मात्यांची तुलना ठरते. ठेवीदाराचा पैसा ज्या यंत्रात असतो, त्या यंत्राविषयी तिच्यावरून काहीच ठरविता येत नाही.