आंजेलो द फोन्सेका यांची सावळी मरिया : ख्रिस्ती प्रतिमांतील वर्णविचार

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्या चित्रांविषयीची चर्चा बहुधा साडीपाशी येऊन थांबते. गोव्याच्या या चित्रकाराने मरियेला साडी नेसविली, त्यामुळे पोर्तुगीज अमलातील सनातनी कॅथलिक समाजाचा रोष ओढवला आणि अखेर त्यांना पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आश्रय मिळाला, असे हे नेहमीचे कथन. ते खोटे नाही, परंतु त्यात एक गोष्ट झाकली जाते. फोन्सेका यांनी मरियेचा केवळ वेश बदलला नव्हता. तिची कांतीही बदलली होती. पुढे ख्रिस्तसभेने वेश स्वीकारला. कांतीविषयी तसे म्हणता येत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक संविधानात, ख्रिस्तसभा कोणतीही एकच कलाशैली आपली मानत नाही, असे स्पष्ट केले. १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी बारा अनुकूलने मान्य झाली. शालीसारखे उपवस्त्र, अंजलीमुद्रा, तेलाचे दिवे, आरती यांना त्यांत स्थान मिळाले. मूर्तीच्या वर्णाचा त्यांत उल्लेख नाही. विधिनियमांकडून तशी अपेक्षा करणेही कदाचित गैर ठरेल. मात्र त्यामुळे हा प्रश्न लोकरुचीवर सोडला गेला आणि लोकरुची निष्पक्ष नव्हती. वेलंकणीची माता भरजरी साडीत उभी असते, पण तिचा चेहरा गोराच आहे. भक्ताला यात विसंगती जाणवत नाही, हीच खरी विचारार्ह बाब होय. गोरेपणा येथे रंग म्हणून दिसतच नाही. तो पावित्र्य म्हणून दिसतो. मराठीत ‘उजळ’ हा शब्द कातडीलाही लागतो आणि चारित्र्यालाही. धर्मांतराने ही भाषा बदलली नाही. युरोपीय मूर्तिकलेने तिला उलट आल्तारावरचे प्रमाण पुरविले.

या पार्श्वभूमीवर फोन्सेका यांचे मोल ठरते. त्यांच्या मरियेचा सावळा रंग दुःखाचे वा पापाचे प्रतीक म्हणून येत नाही. तेजोवलय आणि तपकिरी चेहरा एकत्र नांदतात. एकाला दुसऱ्याची क्षमा मागावी लागत नाही. तथापि मर्यादाही नोंदवावी लागेल. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ व नंदलाल बोस यांच्याकडून लाभलेल्या संस्कारामुळे त्यांची रेषा लांबट डोळ्यांकडे, नाजूक बोटांकडे वळते. हा सावळेपणा अभिजनांना रुचेल असा, सौम्य आहे. उन्हात राबून काळवंडलेल्या स्त्रीला त्यात स्वतःचे रूप कितपत सापडेल, ही शंका उरते.

रांचीजवळ २०१३ मध्ये कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो यांच्या हस्ते अनावरण झालेली मरियेची मूर्ती या टप्प्यापुढे जाते. ती गडद वर्णाची आहे, लाल काठाची पांढरी साडी नेसलेली आहे आणि बाळ तिने कापडाच्या झोळीत अंगाशी बांधले आहे. सरना धर्मीयांनी तिला विरोध केला. हे रूप आमचे आहे, धर्मांतरासाठी ते उचलले गेले, असा त्यांचा आक्षेप होता. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गोव्यात सावळी मरिया परकी वाटली, तर झारखंडात ती आपलीच, म्हणून पळविलेली वाटली. दोन्हीकडे वाद प्रामुख्याने वेशावर झाला. गोऱ्या मूर्तीने मात्र कोणत्याही प्रदेशात आपल्या वर्णाचे समर्थन द्यावे, अशी मागणी सहसा झाली नाही.

फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे गोव्यात परतला. तो पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला, आल्तारावर नव्हे.