हसण्याचा अधिकार : नाबोकॉव्ह यांची 'प्निन'

व्लादिमिर नाबोकॉव्ह यांच्या 'प्निन' (१९५७) या कादंबरीतील विनोद वरवर पाहता अमेरिकेत शिकवणाऱ्या रशियन प्राध्यापकाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून उद्भवतो. चुकीच्या गाडीत बसून व्याख्यानाला निघालेला तिमोफेय प्निन पहिल्याच प्रकरणात वाचकाला हसवतो. परंतु त्याच्यावर हसवणारा निवेदक तटस्थ नाही. ज्या लिझावर प्निनचे प्रेम तिने सोडून गेल्यावरही आटत नाही, तिच्याशी निवेदकाचे पूर्वसंबंध होते, हे अखेरच्या, सातव्या प्रकरणात उघड होते. स्वभाषेत प्निन डौलदार, विद्वान आहे. ती भाषा मात्र वाचकापर्यंत येते या प्रतिस्पर्ध्याच्याच इंग्रजीतून. शिवाय त्याने सांगितलेल्या आठवणी प्निन स्वतःच खोट्या ठरवतो. मग वाचक हसला तो नेमका कोणाच्या साक्षीवर? निवेदक वेंडेलला पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाताखालची नोकरी नाकारून प्निन आपल्या मोटारीने गाव सोडतो.