व्यासंग आणि मतलेखन : नरहर कुरुंदकरांच्या संदर्भात

विद्यापीठीय व्यासंग आणि नियतकालिकांतील मतलेखन ही दोन वेगळी क्षेत्रे मानण्याचा प्रघात आहे. पहिल्यास प्रतिष्ठा द्यावयाची आणि दुसऱ्याकडे प्रासंगिक म्हणून दुर्लक्ष करावयाचे, असा हा व्यवहार होय. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे लेखन या विभागणीत बसत नाही.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापन व पुढे प्राचार्यपद सांभाळीत असताना कुरुंदकरांनी राजकारण, जातिव्यवस्था, धर्म आणि इतिहास यांवर विपुल स्फुटलेखन केले. ‘जागर’ (१९६९) व ‘शिवरात्र’ (१९७०) या संग्रहांतून त्याचे स्वरूप दिसते. ‘धार आणि काठ’ (१९७१) हा मराठी कादंबरीची चिकित्सा करणारा ग्रंथही याच काळातील. या दोन्ही प्रकारच्या लेखनामागील पद्धती मात्र एकच आहे : प्रतिपक्षाची भूमिका प्रथम तिच्या सर्वांत समर्थ रूपात मांडावयाची आणि मगच तिच्यातील विसंगती उघड करावयाची. टीकाकार कुरुंदकर आणि मतलेखक कुरुंदकर असे दोन लेखक कल्पिण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

या लेखनाचा वाचक कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली राहिलेल्या मराठवाड्यात स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी बसून सार्वजनिक प्रश्नांचा विचार करू पाहणाऱ्या वाचकास ग्रंथालयापेक्षा टपालाने येणारे साप्ताहिक अधिक जवळचे असावे, हे स्वाभाविक होते. अशा वाचकासाठी लिहिताना विवेचन सुबोध करावे लागते. कुरुंदकरांनी ते केले, पण सवंग होऊ दिले नाही.

तथापि या मार्गाची किंमतही नोंदविली पाहिजे. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस जोडलेल्या रणजित देसाई यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात कुरुंदकर ऐतिहासिक पुराव्याचे तारतम्य काटेकोरपणे पाहतात. मतलेखांत मात्र ही तोलामापाची प्रक्रिया अनेकदा पडद्याआड राहते आणि वाचकाच्या हाती केवळ निष्कर्ष येतो. विशेषतः मुस्लिम राजकारणासंबंधीच्या विवेचनात प्रदेशपरत्वे व वर्गपरत्वे असणारे भेद एका व्यापक मनोवृत्तीच्या कल्पनेत विरून जातात. युक्तिवाद इतका रेखीव असतो की आधाराची उणीव चटकन जाणवत नाही. वाचकास सावध करण्यासाठी लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हा दोष गौण ठरत नाही.

या दोषाचे खापर वृत्तपत्रीय माध्यमावर फोडणे योग्य होणार नाही. देसाईंना लिहिलेले पत्रही सामान्य वाचकाने वाचले आणि त्यातील पुराव्याची चर्चा त्यास जड झाली नाही. म्हणजे आधार दाखवूनही लोकाभिमुख लिहिता येते, हे कुरुंदकरांनीच सिद्ध केले होते. त्यांच्या मतलेखांची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी. ते विद्वत्तेचे उपफल म्हणून बाजूस ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि चिकित्सेवाचून गौरविणे हाही अन्यायच होय.