शिशाच्या खाणी व ट्राउटचे ओढे : कार्पेंटरबाईंच्या मीमांसेचा पुनर्विचार

खाणींमुळे दूषित झालेल्या नद्यांच्या अभ्यासात कॅथलीन कार्पेंटर या विदुषीचे नाव अग्रभागी घेतले जाते, आणि ते यथार्थच होय. वेल्समधील कार्डिगनशर परगण्यात ऱ्हायडॉल व अस्त्विथ या नद्यांच्या खोऱ्यांत शिशाच्या व जस्ताच्या खाणी दीर्घकाळ चालल्या. त्यांनी त्या नद्यांची काय दशा केली याचे शास्त्रीय निरीक्षण बाईंनी १९२० च्या सुमारास आरंभिले व १९२४ साली प्रसिद्ध केले. तथापि त्यांच्या कार्याचा जो भाग पुढे विशेष रूढ झाला, तोच त्याचा सर्वांत समर्थ भाग होता काय, हा प्रश्न विचारावयास हवा.

रूढ झाला तो १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा भाग. धातूंच्या विद्राव्य क्षारांत मासे ठेविले असता त्यांच्या कल्ल्यांवरील श्लेष्मा साकळतो, पाण्यातील प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही आणि मासा गुदमरून मरतो, अशी ही उपपत्ती. ती सुटसुटीत आहे, डोळ्यांना दिसणारी आहे. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा यातच असावे. परंतु ती तीव्र द्रावणांपुरतीच खरी. ओढ्यात एरवी आढळणाऱ्या सौम्य प्रमाणात विषाची क्रिया निराळी असते : तांबे कल्ल्यांतून होणाऱ्या सोडियमच्या ग्रहणास अडथळा करते, तर जस्त कॅल्शियमच्या. पाण्यात कॅल्शियम असल्यास शिसे व जस्त यांची मारकता घटते, हे जे. आर. एरिक्सन जोन्स यांनी १९३८ मध्येच दाखविले होते. वेल्सच्या या डोंगराळ भागातील पाणी मृदू, त्यात चुन्याचा अंश अल्प. तेव्हा चुनखडीच्या प्रदेशात जे प्रमाण निभावून जाते, तेच येथे घातक ठरावे यात नवल नाही. सर्व नद्यांना एकच आकडा लावण्याची पद्धत किती भ्रामक आहे, हे यावरून ध्यानी यावे.

याहून गंभीर दोष असा की, या उपपत्तीने मेलेल्या माशाला पुराव्याचे स्थान मिळवून दिले. वस्तुतः मासा मरतोच असे नाही. स्टिकलबॅक हा लहान मासा जस्तयुक्त पाणी टाळून स्वच्छ पाण्याकडे वळतो, असे जोन्स यांच्याच प्रयोगांत आढळले. कॅनडातील मिरामिची नदीत तांबे-जस्ताच्या खाणीचे पाणी लागताच अंडी घालण्यास वर निघालेले सामन मासे मागे फिरले, हे निरीक्षण १९६७ साली प्रसिद्ध झाले. अशा नदीच्या काठी एकही प्रेत सापडणार नाही, आणि तरीही ती मत्स्यहीन होईल! शिवाय ट्राउटची पिले प्रौढांपेक्षा नाजूक असतात. कोरड्या ऋतूत ढिगाऱ्यातील गंधकयुक्त खनिजांचे विद्राव्य क्षार बनतात, आणि पहिल्या जोराच्या पावसाचा लोंढा ते ओढ्यात आणतो. महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत तो क्षण बहुधा सापडतच नाही.

येथे बाईंच्या १९२४ च्या पाहणीचे महत्त्व कळते. तिच्यात त्यांनी नदीतील सर्व जीवसृष्टीची गणती केली होती. गोगलगाई, जळवा व कवचधारी प्राणी दूषित भागातून नाहीसे झालेले आणि काही कीटकांच्या अळ्या तेवढ्या तग धरून राहिलेल्या, असे चित्र त्यांना दिसले. खाणकाम मंदावल्यावर ऱ्हायडॉलमधील मोजक्या जाती वाढत वाढत १९३० नंतरच्या पाहणीत शंभरावर गेल्या; अस्त्विथ मात्र जस्तामुळे मागेच राहिली. एकाच परगण्यातील दोन नद्यांमधील हा भेद प्रयोगशाळेतील काचपात्रांतून कधीच उमगला नसता. वर्षानुवर्षांची अशी गणना चिकाटीची व खर्चाची असते, म्हणून ती मागे पडली असावी. पण ते तिच्या गौणत्वाचे प्रमाण नव्हे.

मेलेला मासा मागणाऱ्या दृष्टीची छाया कायद्यावरही पडलेली दिसते. घटना घडावी, तिचा कर्ता सापडावा, मग दंड व्हावा, ही तिची कल्पना. इंग्लंड व वेल्समध्ये १९९९ अखेरपूर्वी सोडून दिलेल्या खाणींतून पाणी वाहू दिल्याबद्दल त्यांच्या धन्यांवर दोष येत नाही. पुढील खाणींपुरतीच ही सवलत काढून घेण्यात आली. वेल्समध्ये सोडून दिलेल्या धातूंच्या खाणी सुमारे १,३०० असून कार्डिगनशरमधील बहुतेक खाणी त्यापूर्वीच कितीतरी दशके बंद पडल्या होत्या. म्हणजे जेथे झिरपणे अखंड आहे, नेमका तोच प्रदेश कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला आणि शुद्धीकरणाचा भार सार्वजनिक निधीवर आला.

अस्त्विथच्या खोऱ्यातील फ्रोंगॉख येथे २०१० नंतरच्या दशकात ओढा वळवून त्याचे पाणी जुन्या भुयारांत उतरू नये अशी योजना झाली व ढिगाऱ्यांचा काही भाग झाकण्यात आला. प्रदूषणाच्या उगमाशी केलेला हा उपाय खालच्या प्रवाहात चुना टाकण्यापेक्षा निःसंशय श्रेयस्कर. मात्र त्याचे फळ केवळ पाण्यातील जस्ताच्या आकड्यावरून ठरवू नये. खडकांखाली गोगलगाई परतल्या काय, आणि त्याच ओढ्यात ट्राउटची पिले वाढू लागली काय, हे दर वर्षी तेथे जाऊन, दगड उलटून पाहावे लागेल.