टक्कर दोन होड्यांची, संवेग तिघांचा

मालवणच्या जेटीवरून किल्ल्याकडे जाणारी एक होडी उभ्या होडीच्या कुशीवर आदळली, तर पुढे काय होईल? नववीतला संवेग अक्षय्यतेचा नियम लावला की उत्तर मिळतं. पण नियमातली अट आठवा: बाह्य बल नको. इथे तर दोन्ही होड्यांना पाणी चिकटलेलं आहे!

हीच अडचण व्ही. यू. मिनोर्स्की यांनी १९५९च्या शोधनिबंधात हाताळली. प्रश्न होता अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांची अणुभट्टी टकरीत कशी वाचवायची. त्यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. आधी संवेगावरून किती गतिज ऊर्जा हरवते ते काढायचं, मग तेवढ्या ऊर्जेनं किती पोलाद चुरगळतं ते प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदींवरून ठरवायचं. ही विभागणी निबंधाची खरी ताकद आहे. आजही ती वापरात आहे.

आडवं ढकललं गेलेलं जहाज बाजूचं पाणीही ढकलतं, म्हणून त्यांनी त्याच्या वस्तुमानात ०.४ पट भर घातली. माझा आक्षेप इथे आहे.

आकडे घालून बघू. १० टनांची होडी सेकंदाला २ मीटर वेगानं १० टनांच्या स्थिर होडीवर काटकोनात आदळली आणि दोघी एकत्र सरकल्या, असं धरा. पाणी विसरलो तर २० पैकी १० किलोज्यूल ऊर्जा मोडतोडीत जाते. ०.४ धरलं तर सुमारे ११.७. भर १ पट धरली तर १३.३. संवेगाचा नियम तिन्ही वेळा तोच, फळ्यांवरचा मार मात्र वेगळा.

मग ०.४च का? मोतोरा आणि सहकाऱ्यांनी १९७१मध्ये दाखवलं, की ही भर स्थिर नसते; टक्कर जितका जास्त वेळ चालते तितकी ती वाढते. आता होडीच्या बाजूला बांधलेले जुने टायर आठवा. टायरमुळे धक्का सौम्य होतो, कारण तो जास्त वेळ चालतो. म्हणजे नेमकं अशा ठिकाणी ०.४ कमी पडण्याची शक्यता जास्त.

मिनोर्स्की चुकले असं मी म्हणत नाही. त्यांना एक कामचलाऊ आकडा हवा होता. अडचण होते ती आपण तो अट न बघता उचलतो तेव्हा. संशोधनाची तयारी करताय ना? मग निबंध वाचताना समीकरणाआधी दोन गोष्टी वहीत लिहा: लेखकानं 'व्यवस्था' म्हणून काय धरलं, आणि बाहेर ठेवलेल्याची भरपाई कोणत्या आकड्यानं केली.